आलोच

"इथेच थांब. कशाला हात लावू नकोस, हलू नकोस. मी आलोच," असं म्हणून शेफ दोन्ही हातांत लोण्याचं सीलबंद खोकं घेऊन, खांद्याने दार ढकलून बाहेर गेला, आणि त्याच्या पाठीमागे कोल्ड रूमचं जाड दार सावकाश येऊन जागच्या जागी बसलं. आवाज फारसा झाला नाही. कडेचं रबर दाबलं गेलं तेवढाच. लोण्याच्या फळीपुढे मागे राहिलेला तो त्या दाराकडे बघत राहिला. दाराचं त्याला काही वाटलं नाही. दारं लागण्याची त्याला चौदा वर्षांची सवय होती. त्याला लागला तो शब्द. आलोच. कित्येक वर्षांत तो शब्द त्याने स्वतः तोंडातून काढला नव्हता, आणि दुसऱ्या कोणी काढला की तो दुसरीकडे बघायचा. हा शब्द म्हणणारा माणूस नेहमी जात असतो, ही गोष्ट कोणाच्या लक्षात कशी येत नाही याचं त्याला नवल वाटे. पाय दाराकडे असतात, तोंड मागे वळलेलं असतं, आणि म्हणायचं काय, तर आलोच. जणू यायचं काम आधीच उरकलेलं आहे. दोघे आत शिरले तेव्हा भटारखान्यातल्या घड्याळात चारला दहा कमी होते. चार वाजता मिरी येणार होती.

मिरी म्हणजे त्याची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी, सावळी आणि तिखट, म्हणून मिरी; शाळेतलं नाव वेगळं होतं, आता सगळं जग तेच वापरत असेल. त्याने तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता वीस पूर्ण. गेल्या आठवड्यात हॉटेलच्या गल्ल्यावरच्या फोनवर तिचा फोन आला आणि मालकीणबाईंनी त्याला बाहेर बोलावलं. हात पुसत तो गेला. "मी नोकरीसाठी लांब चालले आहे," ती म्हणाली. "परत कधी येईन माहीत नाही. शुक्रवारी तुमच्या गावात गाडी बदलायची आहे, मधे तासभर मिळतोय. चारला आले तर भेटाल?" तुमच्या. भेटाल. तो म्हणाला, हो, चारला गर्दी ओसरलेली असते, ये. मग जरा थांबून ती म्हणाली, "मला फक्त एक विचारायचं आहे." काय, असं त्याने विचारलं नाही. काय ते त्याला ठाऊक होतं. पाचला तिची गाडी होती आणि स्टँड हॉटेलच्या समोरच, रस्ता ओलांडला की. म्हणजे वेळ पुष्कळ होता. उत्तराला तर एक मिनिटसुद्धा लागणार नव्हतं. आज सकाळी त्याने दोनदा दाढी केली, नवा शर्ट पिशवीत घालून आणला, आणि दुपारच्या धबडग्यातही दोन बटाटे सोलून, अगदी पातळ चिरून, गार पाण्यात घालून ठेवले. लहानपणी ती तेवढंच पोटभर खायची, कुरकुरीत तळलेल्या बटाट्याच्या चकत्या, वर मीठ आणि नावाला मिरपूड. मिरीवर मिरी, हा घरातला विनोद होता. भांड्यावर झाकण ठेवून तो भांडी घासणाऱ्या मावशींना म्हणाला होता, "हे कोणाला टाकू देऊ नका." मुलगी येणार हे त्याने त्यांना एकट्यांनाच सांगितलं होतं, कारण त्या कामात असताना ऐकतात, आणि ऐकून झाल्यावर तोंड वर करून बघत नाहीत.

भटारखान्यात त्याला सगळे जावई म्हणत. तुरुंगात राहून आलेला म्हणजे सरकारचा जावई. चौदा वर्षं सासरी फुकट जेवलेला. हे नाव पहिल्याच दिवशी शेफने ठेवलं आणि सगळे हसले. तोही हसला, आतमध्ये याहून वाईट नावं पडत. मालकीणबाईंना मात्र ते आवडत नसे. त्या मनाने चांगल्या होत्या. दर्शनी दारापाशी त्यांनी पाटी लावली होती: 'इथे माणसाला दुसरी संधी मिळते.' सुटून आलेली तीन माणसं त्यांनी हौसेने कामाला ठेवली. एक तिसऱ्या आठवड्यात न सांगता गेला, एक पुन्हा आत गेला, आणि उरला हा. त्यामुळे ती पाटी आता त्याच्या एकट्याच्या जिवावर उभी होती. गिऱ्हाईकं पाटी वाचून, ताटं जिथून बाहेर येतात त्या खिडकीतून माना लांब करून बघत आणि यांतला तो कोण असेल याचा अंदाज बांधत. बहुतेक वेळा त्यांना तो शेफच वाटे, कारण शेफ धिप्पाड होता, हातावर गोंदलेलं होतं आणि तोंडाने फटकळ. यावरून मावशी पदर तोंडाला लावून हसत. त्याची ओळख पटावी अशी एकच खूण होती, आणि ती फक्त आतल्यांना माहीत होती. तो दारापुढे थांबायचा. चौदा वर्षांत त्याने एकही दार आपल्या हाताने उघडलं नव्हतं. आपण पुढे जाऊन उभं राहायचं, उघडणारा उघडतो. बाहेर येऊन आठ महिने झाले तरी कोठीच्या, मोरीच्या, कुठल्याही दारापुढे त्याचे पाय क्षणभर अडत. मागून हातात परात घेऊन येणाऱ्या मावशी ओरडत, "अहो जावईबापू, दाराने काय पाया पडायचं का तुमच्या? ढकला की!" आणि या कोल्ड रूमचं दार तर बाहेरून लागलं तरी आतून उघडतं. कडेला हिरवा दट्ट्या आहे, तळहाताने दाबला की झालं. पहिल्या दिवशी शेफने तो दाखवला तेव्हा याने विचारलं होतं, "हा कोणाला विचारून दाबायचा?" तो किस्सा मग महिनाभर पुरला सगळ्यांना. आता तो दट्ट्या त्याच्यापासून चार पावलांवर होता. त्याला तो नीट दिसत होता.

पण गेल्या पंधरा दिवसांत एक गोष्ट झाली होती. लोणी कमी भरू लागलं होतं. आलं किती, वापरलं किती, कशाचा कशाला मेळ नाही. शेफ चिडका असला तरी सरळ माणूस. त्याने कोणाचं नाव घेतलं नाही. कोणाचंच नाव घेतलं नाही तेव्हा कोणाचं घेतलं ते सगळ्यांना बरोबर कळलं. कोल्ड रूमच्या दारावर कागद चिकटला: 'एकट्याने आत जायचं नाही. एकट्याने बाहेर यायचं नाही.' आणि दारासमोर वरच्या कोपऱ्यात कॅमेरा आला. नियम सगळ्यांना सारखा होता. तरी त्या सकाळी कांदे कापणारे दोघे त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलले, आणि मालकीणबाईंनी त्याला मुद्दाम बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे हं." ज्याच्यावर खरंच विश्वास असतो त्याला असं बाजूला घेऊन सांगत नाहीत. तो "हो बाई" म्हणाला आणि दिवसभर आपल्याच पिशवीची त्याला भीती वाटत राहिली, कोणी काही घातलं तर तिच्यात? आज शेफ त्याला जोडीदार म्हणून आत घेऊन आला, सकाळी आलेली खोकी एकेक काढून बघू लागला, त्यांतलं एक हातावर तोललं, पुन्हा तोललं, सील नखाने खरवडून पाहिलं, आणि चेहरा गंभीर करून म्हणाला, इथेच थांब. ते खोकं घेऊन तो कोणाकडे गेला असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. मालकीणबाईंच्या टेबलावर आता पंचनामा चालला असणार. आणि याने एकट्याने दार उघडलं, तर कॅमेऱ्यात दिसणार काय? जावई एकटाच कोल्ड रूममधून बाहेर येतोय. थांब म्हटलेलं असताना. पाच मिनिटं, तो मनाशी म्हणाला. पाच मिनिटांत येईलच शेफ, आलोच म्हणालाय.

दिवा गेला. हा दिवा माणसाच्या हालचालीवर चालतो. कोणी हललं नाही की त्याला वाटतं आत कोणी नाही. हलू नकोस म्हटलं तर हा इतका मनापासून हलला नव्हता की दिव्याच्या लेखी तो तिथे नव्हताच. तुरुंगात दिवा कधीच जात नसे. पहिली दोन वर्षं डोळ्यांवर दंड आडवा टाकून झोपायचा, आणि बाहेर आल्यावर पहिल्यांदा पूर्ण काळोख मिळाला तेव्हा घाबरून उठून बसला होता. आता त्याने एक हात वर केला. दिवा आला. हात वर करणं हे हलण्यात धरतात का, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. पण हात मात्र त्याने हळूच, पूर्वी होता तिथेच, फळीवर नेऊन ठेवला. फळी बर्फासारखी होती. अंगात कामाचा सुती कोट, पोटावर ओला एप्रन, आणि तो एप्रन आता ताठ होत चालला होता. लिंबांचा, ओल्या पुठ्ठ्याचा, मासळीखालच्या बर्फाचा वास. वर मोटर घरघरायची, थांबायची, पुन्हा घरघरायची. वेळ मोजायला घड्याळ लागत नाही, हे एक आत राहून आलेलं शहाणपण. एक फेरी दहा मिनिटांची असेल. दोन झाल्या होत्या. म्हणजे मिरी आली असेल. खिडकीजवळच्या टेबलाशी बसली असेल, मावशींनी पाणी दिलं असेल. कशी दिसत असेल? सहा वर्षांच्या चेहऱ्याला त्याने आत दर वर्षी थोडं थोडं मोठं केलं होतं, पण बारा-तेराच्या पुढे ते जमेना. तिथून पुढे तो चेहरा तिच्या आईचा व्हायला लागे आणि मग तो सोडून देई.

ते जिन्यातलं वळण मात्र त्याला लख्ख आठवे. तिसऱ्या मजल्यावरून दोघं शाळेचे बूट आणायला निघाली होती. तिच्या जुन्या बुटाने पुढून आ वासला होता आणि ती मुद्दाम पाय आपटून त्याला बोलायला लावत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून त्याने खाली पाहिलं तर शेजाऱ्याची स्कूटर जिन्याच्या तोंडाशी आडवी. सलग तिसरा दिवस. दोनदा सांगून झालं होतं. तेवढंच, त्याहून जास्त काही नव्हतं. एवढ्यातेवढ्यावरून माणूस मारला, हे न्यायाधीशांना जसं पटलं नाही तसं त्यालाही कधी पटलं नाही. मिरीला भिंतीशी उभी करून तो म्हणाला, "इथेच थांब. हलू नकोस हं. मी आलोच." आणि खाली गेला. शेजारी दाढी करता करता बाहेर आला, अर्ध्या गालाला साबण. शब्दाने शब्द वाढला. सोसायटीचं दार अडवायला तिथे एक लोखंडी गज असायचा. एकदाच. कोर्टात त्याला हे पुनःपुन्हा विचारलं, किती वेळा, आणि तो म्हणत राहिला, एकदाच, जणू एकदाच हे काही कमी होतं. तो माणूस आधी नुसता खाली बसला, चकित झाल्यासारखा. त्याची धाकटी पोर टॉवेल घेऊन दारात उभी होती. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला. त्याची ती अर्धी राहिलेली दाढी नंतर कोणी पुरी केली असेल का, हा प्रश्न याला चौदा वर्षं छळत आला होता, आणि हा असा प्रश्न आहे की कोणाला विचारता येत नाही. त्या टॉवेलवाल्या पोरीला तर नाहीच नाही.

याला पोलीस खालच्या खालीच घेऊन गेले. वर वळणावर मिरी. ती ऐकत होती सगळं. बघत नव्हती, कारण हलायचं नव्हतं. लोक जात-येत होते, कोणीतरी तिला घरात चल म्हणालं, कोणीतरी उचलायला गेलं तर तिने कठड्याला मिठी मारली. "बाबा आलोच म्हणालेत." संध्याकाळी तिची आई कामावरून आली तेव्हाही ती तिथेच होती, भिंतीला पाठ लावून, फ्रॉक ओला झालेला, आणि आईलासुद्धा म्हणाली, थांब, हलू नको, बाबा येतायत. हे बायकोने पहिल्याच भेटीत जाळीपलीकडून त्याला सांगितलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त सांगून गेली. चार वर्षांनी तिने यायचंही बंद केलं आणि बहिणीच्या गावाला निघून गेली, त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. पण हे सांगायला नको होतं, असं त्याला आधी वाटे. पुढे वाटू लागलं, बरं झालं सांगितलं. शिक्षा नेमकी कशाची भोगतोय ते तरी कळलं. त्या माणसाच्या मरणाची शिक्षा कोर्टाने मोजून दिली होती आणि ती भोगूनही झाली. त्या वळणावरच्या चार तासांची कोणी दिलीच नव्हती.

मोटर पुन्हा घरघरली. साडेचार होत असतील. दात वाजायला लागले होते, बोटांची टोकं आपली वाटेनात. आता पुरे, तो म्हणाला, मोठ्याने, आणि दिवा आला, कारण तो दाराकडे वळला होता. चार पावलं. पहिलं टाकलं, दुसरं टाकलं. हिरवा दट्ट्या डोळ्यांसमोर आला. त्याच्यावरचा रंग मधोमध उडाला होता, इतक्या तळहातांनी तो दाबला होता. त्याने हात लावला. हात लावला एवढंच. आणि त्याला तो म्हातारा आठवला. नववं वर्ष होतं. सकाळच्या रांगेत त्याच्या पुढचा म्हातारा एकदम गळून खाली बसला आणि हा रांग सोडून पुढे झाला, त्याला काखेत धरून उठवलं, पाणी मागितलं. भल्याचं काम होतं. त्याबद्दल त्याची शिक्षेतली वीस दिवसांची माफी कापली, म्हणजे सुटका तेवढी लांबली. रांग कोणाला विचारून सोडली? तेव्हा त्याने उत्तर दिलं होतं, म्हातारा पडला साहेब. साहेब म्हणाले होते, ते आम्ही बघत होतो, तू थांबायचं होतंस. ते वीस दिवस मोठे नव्हते. चौदा वर्षांत वीस दिवस म्हणजे दर्यामे खसखस. पण त्यानंतर त्याच्या पायांना ते समजलं, आणि पायांना समजलेलं डोक्याला सांगून सुटत नाही. या दारापलीकडे कॅमेरा आहे. त्या बाजूने कागद आहे. आत्ता बाहेर पडलो, आणि समोर शेफ नि मालकीणबाई ते खोकं घेऊन उभे असले, आणि त्यांच्यामागे खिडकीपाशी ती असली तर? चौदा वर्षांनी बापाला पहिल्यांदा बघेल ते काय बघेल? कोणीतरी त्याला विचारतंय, थांब म्हटलं होतं ना तुला. त्यापेक्षा शेफ येऊ दे. शेफ दार उघडेल, म्हणेल चल, आणि मग तो सगळ्यांच्या देखत, सांगितल्यावरून, ताठ मानेने बाहेर जाईल. त्याने हात काढून घेतला. तळहाताला हिरव्या रंगाची एक खपली लागली होती, ती त्याने एप्रनला पुसली.

मग तो उत्तराची उजळणी करू लागला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ती विचारणार, तुम्ही आलोच का म्हणालात? आतमध्ये त्याने या प्रश्नाची किती उत्तरं तयार केली होती. मला राग आवरला नाही. तो माणूस वाईट होता. मी तुझ्यासाठीच खाली गेलो, तुला वाट मिळावी म्हणून. एकेक करून ती सगळी त्याने स्वतःच नापास केली. शेवटी उरलं ते एवढंच: मला खरंच वाटलं होतं मिरे, की मी येणार आहे. यात क्षमा मागणं नव्हतं, मागायची तर मागे-पुढे मागता आली असती. पण ती तिथे चार तास उभी राहिली ती काही फसून राहिली नाही. तिला सांगितलेलं खरं होतं, सांगणाऱ्यापुरतं तरी खरं होतं, एवढं तिला द्यायचं होतं. एक वाक्य. ते देऊन झालं की ती गेली तरी चालेल, चकत्या न खाता गेली तरी चालेल. ते वाक्य त्याने थंडीने ताठलेल्या ओठांनी म्हणून पाहिलं. मला खरंच वाटलं होतं मिरे. दिवा तोवर गेला होता आणि तोंड हलवल्याने येत नव्हता.

दार उघडलं ते एकदम, बाहेरच्या उजेडासकट. "अरे बाप रे!" शेफ ओरडला. "जावई! तू अजून आतच?" त्याच्यामागे मावशी, पदराला हात पुसत. शेफने त्याचा दंड धरून त्याला बाहेर ओढलं, भट्टीजवळच्या स्टुलावर बसवलं, आणि त्याच्या पाठीवर थापा मारत बोलत सुटला. चोर सापडला होता. माल देणारा टेम्पोवालाच. खोकी खालून उघडून, लोणी काढून, पुन्हा चिकटवून देत होता. दुपारची खेप घेऊन आलेला असतानाच शेफने त्याला मागच्या फाटकात पकडला, तासभर भांडला, मालकीणबाईंना बोलावून त्याच्यासमोर एकेक खोकं वजनावर ठेवलं. "मेला, खालून फोडायचा, म्हणून वरचं सील साबूत! आणि आपण इथे एकमेकांकडे बघतोय. सुटलास लेका तू! निर्दोष!" मग शेफला त्याचे निळे पडलेले ओठ दिसले. "पण अरे, दार काय बंद होतं का? दट्ट्या दाबायचा ना!"

"तुम्ही थांब म्हणालात," तो म्हणाला.

शेफ हसायला गेला आणि हसला नाही. मावशींनी चहाचा कप त्याच्या हातात दिला, आणि हात सोडला नाही. घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी होती.

"आली होती हो," मावशी म्हणाल्या. "चारच्या ठोक्याला आली. मी म्हटलं बस गं बाई. तुम्हाला शोधलं, कपड्यांच्या खोलीत बघितलं, मागे बघितलं. यांना विचारलं तर हे भांडणात, म्हणाले आहे तो आत. मला काय ठाऊक आत म्हणजे कुठे? त्या खोलीत एकट्याने कोणी नसतंय. मला वाटलं, धीर सुटला तुमचा, नवा शर्ट घालायला गेलात कुठेतरी. चाळीस मिनिटं बसली बिचारी. मला विचारलं, ते अजून तेवढेच उंच आहेत का? म्हटलं, छे, चारचौघांसारखेच आहेत की. तर हसली. चांगली बोलत होती हो माझ्याशी, गेली नसती. बसली असती अजून."

"मग?"

"मग ती म्हणाली, ते काही सांगून गेलेत का. आता काय सांगायचं पोरीला? मी आपलं म्हटलं, हो तर, सांगून गेलेत ना. आलोच म्हणालेत." मावशींनी पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. "तशी ती उठलीच. ग्लास जागेवर ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि गेली. असं काय वाईट म्हटलं हो मी?"

"काही नाही," तो म्हणाला. "बरोबर सांगितलंत तुम्ही."

आणि त्याला वाटलं, बरं झालं. वाईटही वाटत होतं, तरी त्यातच कुठेतरी त्याला हे खरोखर वाटलं. ती थांबली नाही. तिला थांबता येत होतं तेवढं तिने सहाव्या वर्षीच थांबून घेतलं होतं, आणि आता कोणी आलोच म्हटलं की ती पिशवी उचलून चालू लागते. तिने दारापुढे क्षणभरसुद्धा पाय अडवला नसेल. समोर स्टँडवर गाडीचा भोंगा वाजला तसा तो उठला, कप ठेवला आणि टेबलांमधून दर्शनी दाराकडे गेला. या दाराने तो कधी गेला नव्हता. कामाची माणसं मागून जातात. काचेवर लिहिलं होतं, ढकला. त्याचे पाय अडले, आणि मग त्याने ढकललं. दार अगदी सहज उघडलं. बाहेर ऊन होतं. रस्त्यापलीकडून गाडी वळून याच बाजूला आली आणि त्याच्यासमोरून गेली, खिडक्यांशी चार-पाच मुली होत्या, एक झोपायच्या तयारीत, एक फोनवर, एक नुसती बघत. यांतली कुठली, ते त्याला ओळखता आलं नाही. सगळ्याच असू शकत होत्या. त्याने हात वर केला, आणि तो तसाच वर राहिला.

आतून शेफची हाक आली. आवाजात अजून थोडी लाज होती, म्हणून ती मुद्दाम रोजच्यासारखी मारलेली. "जावई! हे पाण्यातले बटाटे कोणी ठेवलेत रे? चांगले चिरलेत. दोघांची ऑर्डर आलीय, घे टाक त्यांना तेलात. येतोस ना?"

"आलोच," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, म्हटल्याबरोबर आला.